मागच्या डाव्या चाकाची हवा

अक्का,

मेधानं विचारलं होतं आणि मी "नाही" म्हणालो होतो. आधी हे सांगून टाकतो, मग बाकीचं सांगायला सोपं जाईल.

तू आत होतीस, काचेपलीकडे. दाखल केल्याचा दुसरा दिवस. डॉक्टर बाहेर आले आणि तुझ्या लेकीला म्हणाले, हृदय बऱ्याच दिवसांपासून थकत आलेलं दिसतंय, फुप्फुसांत पाणी साचत होतं, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मेधा त्याच दिवशी पहाटे बंगळूरहून आली होती, केससुद्धा विंचरलेले नव्हते. ती माझ्याकडे वळली. "मामा, तू तर रोज बरोबर असतोस. तुला काहीच जाणवलं नाही?" मी चष्मा पुसत होतो. "नाही गं," म्हणालो. "हिंडत फिरत होती. गाडीसुद्धा चालवत होती." त्याच संध्याकाळी तू गेलीस.

नंतर लोक भेटायला येत होते. सरस्वतीपुरमच्या आपल्या गल्लीतले सगळे पेन्शनर, तुझ्या शाळेतल्या बाई, प्रयोगशाळेत तुझ्या हाताखाली शिकलेले आणि आता स्वतःच टक्कल पडलेले तुझे विद्यार्थी. जो तो म्हणे, "किती अचानक हो!" आणि मी मान हलवायचो. प्रत्येक वेळी मान हलवताना तो "नाही" जरा आणखी आत जाऊन बसायचा.

अचानक काहीच नव्हतं, अक्का. मी मोजलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या, आयुधपूजेच्या सकाळपासून सांगतो. आपला दरवर्षीचा वाद त्या वर्षीही झाला. तू गाडी धुवून पुसून फाटकाशी लावलीस आणि म्हणालीस, "हार घाल, ऊद दाखव, काय करायचं ते कर. पण चाकांना हात लावू नकोस. आणि तो कोहळा रस्त्यात फोडू नकोस, लोक घसरून पडतात." मी म्हणालो, वर्षभर जी वस्तू आपल्याला वाहून नेते तिचे एक दिवस आभार मानावेत, इतकाच यातला अर्थ. तू म्हणालीस, "आभार मानायचेत तर हवा बघ की. तिला हाराचं काय?" हे बोलून तू आत डाळ शिजत टाकायला गेलीस.

मी पुस्तकी माणूस. जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेला, गाडी कधी चालवली नाही. कुठल्याशा लेखात वाचलं होतं की आयुधाची पूजा त्याच्या मुखापाशी करावी. शस्त्राला धार असते, लेखणीला टोक असतं. मग चाकाचं मुख कुठलं? मला वाटलं, जिथून ते श्वास घेतं ते. मी चारी चाकांच्या व्हॉल्व्हची ती छोटी काळी झाकणं काढली आणि चिमटीतलं कोरडं कुंकू आत लावलं. मागच्या डाव्या चाकाला लावताना बोट जरा जास्त दाबलं गेलं. आतली पिन खाली गेली आणि एकदम फस्‌ झालं. मी इतका दचकलो की हातातली कुंकवाची वाटी सांडली. आवाज लगेच थांबला. मी झाकण फिरवून घट्ट बसवलं, फरशीवरचं कुंकू धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि आत आलो. तू विचारलंस, "झाली का तुझी पूजा?" मी म्हणालो, "झाली."

पुढच्या रविवारी त्या चाकात सहा पौंड हवा कमी भरली.

तुझी रविवारची सकाळ ठरलेली होती. ऊन फाटकापर्यंत येण्याआधी, चाकं थंड असताना, तू उकिडवी बसून एकेका चाकाला गेज लावायचीस. पेट्रोल पंपावरच्या गेजवर तुझा विश्वास नव्हता. "त्यांचा काटा त्यांच्या मनासारखा फिरतो," म्हणायचीस. आपला पायपंप, आपला गेज, तीच वेळ. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसलेला. तू आकडा सांगायचीस, मी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहायचो आणि त्यावरून तुझी बोलणी खायचो. "पुस्तकाला जपतोस म्हणे. बघा हा ग्रंथपाल!"

"चोवीस," त्या दिवशी तू म्हणालीस. "तीस हवे. सहा कुठे गेले रे?"

"हवाच ती. गेली असेल."

"जात नसते. वाट असल्याशिवाय काही जात नाही."

आणि तू टपाला एक हात टेकून, उजव्या पायानं पंप मारायला लागलीस. त्या आवाजात मला कधीच वाचता यायचं नाही, म्हणून मी मोजायचो. ही जुनी सवय. बहात्तर. न थांबता. वर तू म्हणालीस, "झालं. आता हिचं दुखणं शोधते."

तुझं ते शोधणं मी पुढचे अकरा रविवार पाहिलं. आता वाटतं, इतक्या जवळून मी दुसरं काहीच पाहिलेलं नाही. जुन्या फवाऱ्याच्या बाटलीत शाम्पूचं पाणी करून तू टायरवर मारायचीस, हातभर भाग झाला की थांबून पाहायचीस. बुडबुडा हळू येतो, त्याला वेळ द्यावा लागतो, हे तू मला समजावलंस. टायरच्या कडेला खडूनं खूण करून, गाडी थोडी पुढे ढकलून, पुढचा भाग. खिळा असता तर सहा पौंडांनी भागलं नसतं, म्हणालीस. तरी रबराच्या प्रत्येक खाचेतून नख फिरवलंस. एक काच निघाली, पण ती आरपार नव्हती. मग तुझा संशय रिमवर गेला. रिमच्या कडेला गंज चढला की टायर तिथं नीट चिकटून बसत नाही आणि हवा केसाएवढ्या फटीतून झिरपते. मी विचारलं, दुकानात का नेत नाहीस? मंडी मोहल्ल्यात म्हातारा टायरवाला आहेच की. तू म्हणालीस, "नेईन रे. पण ते पहारीनं टायर काढणार, रिमला ओरबाडणार. आधी कळू दे, मग दाखवू."

तिसऱ्या रविवारी पंपाची नळी काढताना तिच्या रबरी तोंडावर मला लाल ठिपका दिसला. मोहरीच्या दाण्याहून लहान. तुझी पाठ होती. मी अंगठ्यानं तो पुसला.

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं, अक्का. इतकंच म्हणायला हवं होतं की, अगं, मी झाकणं काढून कुंकू लावलं होतं. तू हसली असतीस. गल्लीभर सांगितलं असतंस, "आमच्या पंडितानं चाकाला श्वास घेता यावा म्हणून पूजा केली, आणि चाकाला दमा झाला!" तेवढंच. मला ते हसणं नको होतं. एकसष्टाव्या वर्षीही मला तुझ्यापुढे शहाणं दिसायचं होतं.

चौथ्या रविवारी तू पंप मारताना मध्येच थांबलीस. चाळिसाला. टपावर दोन्ही हात टेकून उभी राहिलीस, मग उरलेले मारलेस.

"काय झालं?"

"काही नाही. पंपाचं वायसर गेलंय, हवा मागे येते. जोर लागतो जास्त."

"मी मारू का?"

"तू? तुझा पाय तिरका पडतो, पंप मोडशील. सुम्ने बस, गप्प आपला."

सहाव्या रविवारी तू अठ्ठाविसाला थांबलीस. आठव्या रविवारी तेवीस, आणि मग पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसलीस. तू कधी बसायची नाहीस. तुझ्या श्वासाचा आवाज पंपासारखाच येत होता. मी विचारलं, डॉक्टरांना दाखवूया का? "वायसर डॉक्टर बदलून देतात का रे?" आणि हसलीस. तुझ्या पायांना सूज होती. चपलेचा पट्टा एक भोक मागे सरकला होता. तेही मी पाहिलं. त्या रात्री तू दोन उशा मागितल्यास, पुढच्या आठवड्यात तीन. मला म्हणालीस, "मेधाला काही बोलू नकोस हं, उगीच धावत येईल." मी बोललो नाही. मला ते सोयीचं होतं, कारण तुझ्या दमाबद्दल बोलायचं तर पंप मारणं थांबवायला हवं होतं. पंप थांबवायचा तर गाडी दुकानात न्यायला हवी होती. आणि दुकानात टायरवाल्यानं पिन काढली असती.

इतकी सरळ ओळ होती ती. तिच्या एका टोकाला तू होतीस, आणि दुसऱ्या टोकाला माझी लाज. आणि मी दर रविवारी पायरीवर बसून आकडे लिहीत होतो.

दहावा रविवार मला सर्वांत जास्त छळतो. त्या दिवशी तू ठरवलंस, चाक काढून पाण्यात बुडवायचं. जॅक लावलास, नट मी सैल केले, आणि आपण दोघांनी चाक घरंगळत मागच्या अंगणात नेलं. धुण्याच्या दगडाशेजारी प्लास्टिकचा मोठा टब भरला. चाक अख्खं मावत नव्हतं, म्हणून पाव पाव भाग बुडवायचा. पहिला भाग, दहा मिनिटं. काही नाही. चाक फिरवून दुसरा. पाण्यावर एक बुडबुडा आला, तू पुढे वाकलीस, तो नुसता चिकटलेला होता, निघून गेला. तिसरा भाग. काही नाही. उरला व्हॉल्व्हचा.

तू धुण्याच्या दगडावर बसलीस. ओठांचा रंग मला बरा वाटला नाही. एक हात छातीखाली दाबून धरला होतास.

"राहू दे," म्हणालीस. "तिथं काही नसणार. व्हॉल्व्ह श्रावणात नवे बसवलेत. नव्या व्हॉल्व्हमध्ये काही जायचं तर कुणीतरी झाकण उघडून काही घालायला पाहिजे. तू झाकणं काढली नव्हतीस ना रे, पूजेला?"

मी टबातल्या पाण्याकडे पाहत म्हणालो, "मी कशाला काढू?"

"मग रिमच," तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस.

मला हायसं वाटलं, अक्का. तू तिथं निळ्या ओठांनी बसली होतीस आणि मला हायसं वाटलं. चाक मी एकट्यानं परत नेलं. ते वाटेत दोनदा आडवं पडलं. तू हाक मारून सांगत होतीस, "नट चांदणीसारखे आवळ, समोरासमोरचे!" तुझ्या आवाजात कौतुक होतं. मी पहिल्यांदाच काहीतरी हातानं करत होतो ना.

शेवटच्या रविवारी अकरा. अकरा पावलं दाबून तू पंप तिथंच सोडलास आणि आत जाऊन पडलीस. बुधवारी पहाटे तुला बसूनही श्वास घेता येईना. मी शेजाऱ्यांची गाडी बोलावली. आपली फाटकाशी उभी होती, आणि मला चालवता येत नव्हती.

तू मला किती दिलंस याची यादी करणार नाही, तुला आवडायची नाही. पण मालती गेली, माझा संसार संपला, तेव्हा तू मला या घरात आणलंस आणि माझ्या पुस्तकांसाठी तुझी बैठकीची खोली रिकामी केलीस. दर महिन्याला न कंटाळता मला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत नेऊन गाडीत वाट बघत बसायचीस. "वाच, वाच, पण कधी तरी काचेबाहेरही बघ," म्हणायचीस. मी काचेबाहेर बघितलं. नीट बघितलं. बघून गप्प राहिलो, हे तुला कुठं माहीत होतं? की होतं?

दिवस झाले. मेधा म्हणाली, गाडी मी बंगळूरला घेऊन जाते, आईची आठवण राहील. चावी घेऊन बाहेर गेली आणि लगेच परत आली.

"मामा, मागचं डावं चाक पार बसलंय. रिमवर उभी आहे गाडी."

माझ्या डोळ्यांपुढे बंगळूरचा रस्ता आला. ट्रक, बस, आणि मेधा ऐंशीच्या वेगात, आणि ते एक चाक हळूहळू बसत चाललेलं. मी पंप काढला. "तू थांब, मी भरतो," म्हणालो. बराच वेळ लागला, मध्ये दोन-तीनदा थांबलो. ती बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होती. मग आम्ही मंडी मोहल्ल्यात गेलो.

म्हाताऱ्या टायरवाल्यानं हवा भरली, झाकण न लावता करंगळीवर थुंकी घेऊन व्हॉल्व्हच्या तोंडावर लावली, आणि चहा मागवला. अर्धा चहा होईपर्यंत काही नाही. मग थुंकीचा थेंब फुगायला लागला. अगदी सावकाश. मोत्याएवढा झाला आणि फुटला. त्यानं चिमटीएवढ्या चावीनं पिन बाहेर काढली, तळहातावर ठोकली, आणि हसला.

"पूजे माडिद्रा, सार?" पूजा केली होतीत का, म्हणून विचारत होता.

मेधानं वाकून बघितलं. "हे काय, लाल?"

"कुंकू, अम्मा. दसरा हुआ कि आतेच ऐसे केस. एक कण बस. पिन बैठतीच नहीं पूरी." त्यानं नवी पिन बसवली. दोन मिनिटं लागली असतील.

मेधा हसायला लागली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. "अय्यो मामा! तूच ना? आईला कळलं असतं तर तिनं तुला घरातून काढलं असतं!" टायरवालाही हसत होता. मीही हसलो असतो तर ते तिथंच संपलं असतं. सोपं होतं. गाडी दुरुस्त झाली होती, लेक हसत होती.

परतताना चामराजपुरम आलं. मग म्हणालो, "मेधा, गाडी बाजूला घे."

तिनं एका झाडाखाली थांबवली. मी सगळं सांगितलं. झाकणं, लाल ठिपका, टब. पंपाचे आकडे. तिनं इंजिन बंद केलं. समोर बघतच विचारलं, "शेवटच्या रविवारी किती?"

"अकरा."

"त्याच्या आधी?"

"सतरा."

"त्याच्या आधी?"

ती मागे मागे जात राहिली, आणि मी प्रत्येक आकडा सांगत राहिलो. एकही विसरलो नव्हतो. बहात्तरला पोचल्यावर ती थांबली.

"म्हणजे तुझ्याकडे आकडे होते."

"होते."

"माझा नंबरही होता."

"होता."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त काच खाली केली आणि गाडी सुरू केली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तिनं मला वाकून नमस्कार केला, पण माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. पोचल्याचा फोन ती नेहमी करते. आला नाही. मी केला, तिनं घेतला नाही. आठवडाभर मी वर्तमानपत्रात बंगळूर रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या वाचत होतो. नवी पिन होती, मला ठाऊक होतं. तरी वाचत होतो.

तुला हे लिहायला मी त्याच दिवसांत घेतलं. रोज एक-दोन ओळी. माफी मागायची म्हणून नव्हे. तू ती "बिडो, सोड रे" म्हणून उडवून लावली असतीस, आणि मग मला सुटल्यासारखं वाटलं असतं. मला सुटायचं नाहीये. मला फक्त तुला खरं सांगायचं होतं, तू विचारलं होतंस म्हणून. झाकणं मीच काढली होती.

काल संध्याकाळी फोन वाजला. मेधा. जेवलास का, कसा आहेस, काही नाही.

"मामा, एक विचारते. तू त्या दिवशी हवा भरताना थांबत होतास. तुला दम लागतो का?"

माझ्या तोंडाशी शब्द तयार होता. वयच आहे गं, पंप जुना आहे, चहा जास्त झाला. इतके तयार शब्द आपल्या घरात होते, अक्का, इतकी वर्षं.

"लागतो," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. जिना चढताना. हल्ली सपाट चालतानाही."

मग तिचा आवाज आला, रडका, रागीट, तुझ्यासारखाच.

"मी उद्या सकाळी निघते. तोपर्यंत जिना चढू नकोस. आणि मामा, मी पोचेपर्यंत तासातासानं फोन करणार आहे. प्रत्येक वेळी उचलायचा, आणि असशील तसं सांगायचं."

आज सकाळी सहा वाजल्यापासून चार फोन झाले. चारही वेळा मी असेन तसं सांगितलं.